एटीएम आलं, पॅन्ट्रीचं काय?

मनमाड-मुंबई पंचवटी एक्स्प्रेसमध्ये 2025 च्या एप्रिलमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रचं एटीएम बसलं आणि त्याचं देशभर कौतुक झालं. ते बसलं कुठे, याकडे मात्र कमी लोकांचं लक्ष गेलं. वातानुकूलित डब्याच्या टोकाची ती जागा पूर्वी तात्पुरत्या पॅन्ट्रीसाठी वापरली जायची. एटीएमला माझा विरोध नाही. पण नाशिककर प्रवाशाची खरी अडचण पैसे काढायची नाही, सकाळच्या नाश्त्याची आहे.

पुणे ते मुंबई 192 किलोमीटर. नाशिकरोड ते मुंबईही जवळपास तेवढंच. तरीही 1930 मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही डायनिंग कार आहे. 2022 मध्ये गाडीचे डबे बदलले, तेव्हाही ती टिकली, कारण पुणेकर तिच्यासाठी हट्टाने भांडले असते हे रेल्वेला माहीत असावं. पंचवटी 1975 पासून धावते आहे. तिचे पासधारक पहाटे घर सोडतात, सातच्या सुमाराला नाशिकरोडहून निघतात आणि साडेतीन-पावणेचार तासांनी मुंबईत उतरतात. एवढ्या वेळात मिळतं काय? उभ्या गर्दीतून वाट काढत येणाऱ्या वेंडरच्या टाकीतला चहा आणि टोपलीतले गार झालेले वडे. पूर्वी इगतपुरीला इंजिन बदलायचं, तेव्हा फलाटावर उतरून गरम वडा खायला सवड मिळायची. मुंबईकडची डीसी वीज गेली, इंजिन बदलायची गरज उरली नाही आणि तो थांबाही आखडला. मधुमेही माणसाने, लहान मूल घेऊन निघालेल्या बाईने करायचं काय?

इंग्लंडमध्ये 1879 पासून लंडन-लीड्स मार्गावर गाडीतच जेवण शिजत असे. आता तिथेही अशा गाड्या मोजक्याच उरल्यात, पण त्या मार्गावर दर अर्ध्या तासाला गाडी असते. खायला थांबलात तरी पुढची मिळते. आपल्याकडे मनमाडची राज्यराणी एक्स्प्रेस 2020 मध्ये नांदेडला नेली. पंचवटी चुकली तर सकाळचं ऑफिसच चुकतं.

डेक्कन क्वीनसारखी टेबलं-खुर्च्या नकोत. एका डब्यात छोटा काउंटर, गरम पाणी, दरफलक आणि ताजे पोहे-उपमा एवढं पुरे. तिथूनच परवानाधारक वेंडरांनी माल उचलावा. त्यांचाही रोजगार राहील. पासधारक संघटनांनी आणि नाशिक, दिंडोरीच्या खासदारांनी ही मागणी आता लेखी द्यावी, आणि पंचवटीचे डबे पुढच्या वेळी बदलतील तेव्हा ती मान्य करून घ्यावी.