नवी डिस्क की आणखी एक प्रत?

सॅमसंगची ९१०० प्रो ही एसएसडी मार्च २०२५ मध्ये बाजारात आली. कंपनी सांगते तो वाचनवेग सेकंदाला १४,००० मेगाबाइटांहून अधिक. फ्रीमाँटच्या घरासाठी ती घ्यावी, असे माझ्याही मनात आले. परंतु माझ्या संगणकातील जुनी पीसीआयई जोडणी साडेतीन हजारांपुढे जाऊ देत नाही. शिवाय जपायचे काय, तर आजीच्या आवाजातील भीमगीते आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणी. त्यांना वेग नको, आयुष्य हवे. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवते. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो भार ओसरू लागतो. कपाटात ठेवून विसरून जावे, अशी ती वस्तू नव्हे.

बाबासाहेबांची कित्येक हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड प्रसिद्ध केले, तेव्हा ते शब्द घरोघरी पोहोचले आणि सुरक्षित झाले.

म्हणून नवी एसएसडी घेतली नाही. त्याऐवजी दोन साध्या हार्ड डिस्क घेतल्या: एक इथे, दुसरी नागपूरला भावाकडे. दरवर्षी १४ ऑक्टोबरला दोघांनी आपापली डिस्क उघडून तपासायची, असे ठरले आहे.

आपल्या घरातील आवाजांच्या किती प्रती आहेत, हे आपणही एकदा मोजून पाहावे.