पिकअप गाडीस मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल हवे काय?

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील पाणंदीत भरलेली पिकअप गाडी रुतते, तेव्हा मागचे एक चाक जागीच गरगरते व दुसरे स्वस्थ उभे राहते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांस सारखाच जोर देते. घसरणाऱ्या चाकास जेवढा पेलवतो, तेवढाच दुसऱ्यास लाभतो. मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलमधील घर्षण-चकत्या ही उणीव काही अंशी भरून काढतात. दोन्ही चाके चिखलात असली, तर मात्र त्यांचाही फारसा इलाज चालत नाही. बहुतेक फेऱ्या डांबरी रस्त्याने करणाऱ्या शेतकऱ्याने हा खर्च करू नये. झिजलेले टायर आधी बदलावेत. ज्यास रोज दूध घेऊन पाणंदीतूनच निघावे लागते, त्याने तो अवश्य विचारात घ्यावा. ट्रॅक्टरच्या डिफरन्शियल लॉकशी याची गल्लत होऊ नये. तो लॉक सरळ चालीतच लावावयाचा व वळण्यापूर्वी सोडावयाचा असतो.