गाठ नव्हे, फैलाव



गेल्या अंकात ‘कर्करोग रोखणारा जीन सापडला’ हे पत्र वाचले. किस-१ या जीनचे कौतुक रास्त आहे, पण पत्रलेखकांची गल्लत झाली आहे. हा जीन गाठ रोखत नाही. १९९६ साली अमेरिकेतील हर्शी गावच्या संशोधकांनी तो मानवी मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींत घालून त्या उंदरांना टोचल्या. टोचल्या जागी गाठी वाढल्याच. घटला तो त्यांचा शरीरातला फैलाव. (हर्शी हे चॉकलेटचे गाव. तिथल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून हे नाव पडले, बाकी तर्क करू नयेत!)

‘नवा शोध’ हेही खरे नाही. फैलाव दाबणारा पहिला जीन, एनएम-२३, पॅट्रिशिया स्टीग यांच्या गटाने १९८८ मध्येच मांडला होता. शिवाय २००३ मध्ये कळले की किस-१च्या प्रथिनाचा संदेश पकडणारा रिसेप्टर बिघडला, तर मुले वयातच येत नाहीत. ज्याचा हात शरीरात इतक्या ठिकाणी पोचतो, त्याचे औषध करणे म्हणजे दिव्याचे बटण दाबणे नव्हे.

एरवी मी पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. पण माझ्या बहिणीने गेल्या अंकातल्या त्या पत्राचे कात्रण फाइलीत, बायोप्सीच्या रिपोर्टशेजारी लावून ठेवले आहे. “दादा, हे इंजेक्शन आपल्याकडे कधी येणार?” असे तिने विचारले. तिच्या काखेतल्या गाठींचा रिपोर्ट अजून यायचा आहे.

कृपया हा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या मथळ्याने छापावा.

– एक वाचक, पुणे