छापले होते, तरी बातमी नव्हती!

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ पासून सरकारी डॉक्टर सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे रक्त तपासत होते. बहुतेक जण बटईने शेती करणारे गरीब. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलीस म्हणजे उपदंश होता. तो त्यांना सांगितलाच नाही. 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. फुकट जेवण, गाडीने ने-आण आणि मेल्यावर दफनाचा खर्च, एवढ्यावर त्यांना बांधून ठेवले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा रूढ उपचार झाला, तोही दिला नाही. उपचाराविना हा रोग माणसाला कसा पोखरतो, हेच तर डॉक्टरांना पाहायचे होते!

२५ जुलै १९७२ रोजी हे क्रौर्य चव्हाट्यावर आणले ते असोसिएटेड प्रेसच्या बातमीदार जीन हेलर यांनी. आरोग्य सेवेतील पीटर बक्सटन यांनी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या होत्या. दाद मिळाली नाही. शेवटी त्यांनी दिलेली कागदपत्रे हेलर यांच्या हाती आली. हेलर यांनी वैद्यकीय नियतकालिके धुंडाळली, सरकारी यंत्रणेकडून खातरजमा केली आणि मगच लिहिले.

पण हा प्रयोग चोरून चालला होता काय? मुळीच नाही! १९३६ पासून त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. आक्षेप घेणारे मोजकेच निघाले. मरणारे काळे होते, गरीब होते. म्हणून चाळीस वर्षे ती बातमीच ठरली नाही.

बातमी झाली आणि त्याच वर्षी प्रयोग बंद पडला. रोझा पार्क्स यांचे वकील फ्रेड ग्रे यांनी दावा लढवला. १९७४ मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. माणसांवरील संशोधनासाठी कायदा आला. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली, पण १९९७ साली! हेलर यांनी आपला बाणा पुढेही सोडला नाही. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या तोंडावर, सौदी सीमेवर इराकी फौजा जमल्याचा सरकारी दावा त्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून पाहिला. त्यांत तशी जमवाजमव दिसली नाही.

आपल्याकडे काय घडले? २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींवर एचपीव्ही लसीचा अभ्यास झाला. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत म्हटले गेले. लस वाईट, असे आमचेही म्हणणे नाही. पण अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या! संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कठोर ताशेरे ओढले.

आमच्या तरुण पत्रकारांनी आरोग्याचे अहवाल म्हणूनच नीट वाचावेत. अंगठा कुणाचा, सही कुणाची आणि शरीर कुणाचे, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावेत. आपली माणसे मरतात तेव्हा पुष्कळदा ते कुठेतरी छापलेले असते. ते वाचून जाब विचारणारा मात्र आपल्यातूनच उभा राहावा लागतो.