बाभळीची साल व तिचा हिशेब

बियाणे, खते, कीड व बाजारभाव यांची चर्चा या मासिकाच्या पानांतून नेहमी होत असते, व ती व्हावयास हवीच. आज आम्ही ज्या पदार्थाविषयी लिहिणार आहोत तो मात्र पिकांच्या यादीत कधी आला नाही. आपल्या मोंढ्यात आज त्याचा सौदा पुकारला जात नाही. आणि तरीही नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या प्रत्येक शिवारात तो उभा आहे. तो पदार्थ म्हणजे झाडांच्या सालीतील, शेंगांतील व फळांतील तुरटपणा. रसायनशास्त्रात त्यास टॅनिन म्हणतात. आपल्या वैद्यांनी त्यास कषाय रस म्हणून फार पूर्वीच ओळखले होते. आमचे शिक्षण मराठी शाळेपुरते, व नोकरी महसूल खात्यात कारकुनीची. तेव्हा शास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु या तुरटपणाचा एक हिशेब आमच्या हातून चुकलेला आहे, व तो आधी सांगितल्यावाचून पुढे लिहिणे बरे दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका रस्त्यासाठी जमिनींचे संपादन चालले होते. बांधावरील झाडांचा पंचनामा लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. आंबा व चिंच यांस फळझाड म्हणून मोल. सागास इमारती लाकूड म्हणून मोल. बाभळीपुढे मात्र घेर व उंची लिहून शेवटच्या रकान्यात ‘जळाऊ’ एवढा एकच शब्द. एका वृद्ध बाईंच्या बांधावर चौदा बाभळी होत्या, त्याही जुन्या व सरळ. आम्ही लिहीत असता त्या जवळ येऊन म्हणाल्या, “साहेब, सालीचं काय लिवलं?” आम्ही म्हणालो, “मावशी, सालीला रकाना नाही.” त्या म्हणाल्या, “माझ्या सासऱ्याच्या वक्ताला लाकडाच्या आधी सालीचा सौदा व्हायचा.” एवढे बोलून त्या बांधावर बसून राहिल्या. झाडे पडली, लाकडासह साल वीटभट्टीवर गेली, व आम्ही कागदावर सही करून मोकळे झालो. सेवानिवृत्तीनंतर रिकामपण आले तेव्हा त्या बाईंचे म्हणणे कितपत खरे होते याचा शोध आम्ही घेतला. ते पूर्णपणे खरे होते.

प्रथम हा तुरटपणा म्हणजे काय ते पाहू. कच्चे केळे, आवळा किंवा सुपारी चावली असता जीभ आखडल्यासारखी होते. याचे कारण असे की टॅनिन लाळेतील प्रथिनांस चिकटते व त्यांचा साका करते. लाळेचा बुळबुळीतपणा जातो व तोंड कोरडे पडते. चहात दूध घातले म्हणजे त्याचा तुरटपणा मावळतो, तोही याच न्यायाने. तुरट द्रव्य जिभेऐवजी दुधातील प्रथिनास धरून बसते. सुताराचा सरस पाण्यात विरघळवून त्यात बाभळीच्या सालीचा गाळलेला काढा घालून पाहावा. दोन्ही द्रव निवळ असले तरी एकत्र होताच गढूळ होतात व साका खाली बसतो. सरस हा जनावराच्या कातड्यापासूनच होतो हे लक्षात घेतले, म्हणजे कातडे कमावण्याची सर्व विद्या या एका वाटीत दिसते. कातडे हे प्रथिनांच्या तंतूंचे विणलेले जाड वस्त्रच आहे. ओले राहिले तर ते कुजते, वाळले तर लाकडासारखे ताठ होते. टॅनिनचे कण त्या तंतूंच्या मध्ये शिरून त्यांस जागोजागी बांधून ठेवतात. मग सूक्ष्म जंतूंस ते खाता येत नाही, आणि पाणी लागले तरी ते सडत नाही.

झाड हे द्रव्य आपल्या चर्मोद्योगासाठी तयार करीत नाही, हे उघड आहे. ते त्याचे स्वतःचे शस्त्र आहे. ज्वारीच्या काही लाल जातींच्या दाण्यात टॅनिन असते म्हणून पाखरे त्यांस सहसा लागत नाहीत. आपल्या मालदांडीच्या दाण्यात ते नाही म्हणून भाकरी पांढरी व गोड होते, आणि म्हणूनच गोफण घेऊन माळ्यावर बसावे लागते.

रसायनशास्त्रज्ञांनी टॅनिनचे दोन मोठे वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात मध्यभागी साखरेचा कण असून त्याभोवती गॅलिक आम्ल व त्याचे सोयरे जोडलेले असतात. आम्लाने किंवा जंतूंच्या क्रियेने हा जोड तुटतो. हिरडा या वर्गातला. दुसऱ्या वर्गात एकाच घडणीचे कण साखळीसारखे एकमेकांस जोडलेले असतात. ही साखळी सहजी तुटत नाही, आणि आम्लात उकळली तर तांबडा गाळ बसतो. बाभूळ, तरवड व खैर यांच्यात प्राधान्याने हा दुसरा प्रकार असतो. कारकुनास दोहोंची ओळख शाईवरून पटते. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. तो हिरड्याच्या काढ्यात घातला तर निळसर काळा रंग येतो. खैराच्या कातात घातला तर हिरवट काळा येतो. जुन्या दप्तरातील निळी-काळी शाई या पहिल्या जातीची. तिची अक्षरे पुसत नाहीत, परंतु कालांतराने ती कागदासच खाते. काही जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके पडलेली आम्ही स्वतः पाहिली आहेत. असो.

आता आपल्या मुलुखातील साठा पाहू. बाभळीच्या शंभर किलो वाळलेल्या सालीत साधारण 12 ते 20 किलो टॅनिन असते. तरवडाच्या सालीत 18 किलोच्या आसपास. हिरड्याच्या फळात 30 किलो व काही वेळा त्याहून अधिक. हिरडा मुख्यत्वे सह्याद्रीचा, तेव्हा त्यावर आपला हक्क थोडा. किनवट-माहूरच्या रानात बेहडा व धावडा आहेत. धावड्याचा पालाही कातडे कमावण्यास चालतो. परंतु आपली खरी दौलत बाभूळ व तरवड हीच. इंग्लंडात 1803 साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने मुंबईकडील व बंगालकडील काताची परीक्षा केली, तेव्हा तिकडच्या ओक वृक्षाच्या सालीपेक्षा तो वजनास कित्येक पट भारी ठरला. म्हणजे आपल्या झाडांची किंमत परक्यांनी दोनशे वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत जोखली होती. काखेत कळसा व गावाला वळसा ही आपली रीत मात्र सुटली नाही.

तरवडाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. मुरमाड माळावर, जेथे दुसरे काही तग धरीत नाही तेथे, हे झुडूप पिवळ्या फुलांनी भरून जाते. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून चराईच्या रानातही ते टिकते. देगलूर, बिलोली व धर्माबादकडे ज्या घरांत तेलुगू रिवाज आहेत तेथील बायका बतुकम्मेच्या सणास हीच फुले रचतात. शेजारच्या तेलंगणाने तर यास आपले राज्यपुष्प ठरविले आहे. इकडे आपण बांध साफ करताना त्याचा ढीग करून काडी लावतो. मद्रासेकडील चर्मशाळा एके काळी मुख्यतः याच सालीवर चालत, व ती साल म्हैसूर आणि हैद्राबाद संस्थानांच्या माळांवरून आगगाडीने जात असे. त्या बाईंच्या सासऱ्यांचा सौदा या व्यापाराच्या काळातला असला पाहिजे.

मग हा व्यापार बुडाला का? कोणी म्हणेल, विलायती रसायनांपुढे देशी साल टिकली नाही. हे अर्धेच खरे आहे. क्रोमचे क्षार वापरून कातडे एक-दोन दिवसांत तयार होते, सालीने आठवडे लागतात. ही गोष्ट नाकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमचे प्रयोग चालविले, व त्यात एक हेतू विहिरीच्या मोटेस पाण्यात अधिक टिकणारे कातडे मिळावे हा होता. पुढे मोटच गेली. इंजिन आले, वीज आली. बाभळीच्या लाकडाची औते, तिफणी व गाड्याही गेल्या. ज्या दोन गरजांमुळे शेतकरी बाभूळ जपत होता त्या दोन्ही एका पिढीत नाहीशा झाल्या.

परंतु दुसरे अर्धे कारण आपल्यास लाजविणारे आहे. क्रोमच्या जोडीने सालीच्या कमावणीचा धंदाही जगात चालूच आहे. त्यास लागणारा माल मात्र वॉटल नावाच्या झाडाचा. हे झाड ऑस्ट्रेलियातले, जातीने आपल्या बाभळीचेच नातलग. दक्षिण आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकात त्याची रांगेने लागवड झाली. सुमारे दहा वर्षांत झाड तोडतात, साल सोलतात, तिचा अर्क काढून भुकटी करतात व गोण्या भरून देशोदेशी पाठवितात. तिची साल आपल्यापेक्षा सरस आहे यात शंका नाही. तरी आमच्या मते तिचा खरा जय झाला तो एकसारख्या मालामुळे व सुटसुटीत बांधणीमुळे. आपली साल कधी ओली, कधी बुरशी आलेली, कधी अर्धी मातीच. अशा मालास कोणता व्यापारी दोनदा विचारील?

क्रोमचेही सर्व गोड नाही. तामिळनाडूत पालार नदीच्या काठी चर्मशाळांच्या सांडपाण्याने विहिरी व शेते नासली, व 1996 साली सर्वोच्च न्यायालयास त्यात हात घालावा लागला. सालीचे सांडपाणीही निर्दोष नसते. तेही नदीत तसेच सोडले तर पाण्यातील प्राणवायू खाते. फरक एवढाच की त्यात जड धातू नसतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे आजही बाभळीची साल व हिरडा यांनीच कमावतात. कातड्याची पिशवी शिवून तीत काढा भरून टांगण्याची रीत तिकडील ढोर समाजाने टिकविली आहे. त्या चपलेस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2025 साली इटलीच्या प्रादा कंपनीने त्याच घडणीची पादत्राणे मिलानच्या प्रदर्शनात मांडली तेव्हा केवढा गवगवा झाला हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या गवगव्यात सालीचे नाव कोणी घेतल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आमचे म्हणणे फार मोठे नाही. बाभळीच्या बागा लावा असे आम्ही सांगत नाही. तिच्या सावलीत दोन तास पीक बसते, काटे पायात जातात, हे आम्हीही शेतकऱ्याच्याच घरचे असल्यामुळे जाणतो. आम्ही एवढेच म्हणतो की जी बाभूळ कोणत्याही कारणाने पडणारच आहे, तिची साल चुलीत व भट्टीत जाऊ नये. झाड ताजे असतानाच साल सोलावी. त्या वेळी ती सहज सुटते. सावलीत, जमिनीपासून उंच मांडून वाळवावी. पाऊस तिच्यावर पडू देऊ नये, कारण टॅनिन पाण्यात विरघळणारे आहे. एका पावसाने मोल वाहून जाते व उरतो तो भुसा. उभ्या झाडाची साल मात्र चोहोबाजूंनी कोणी काढू नये. झाडाचे अन्न त्याच सालीतून मुळाकडे उतरते, ते तुटले की झाड उभ्याने वाळते. चोरून गुळाची दारू गाळणारे लोक साल अशीच ओरबाडून नेतात, व त्यांची खूण आम्ही पुष्कळ बांधांवर पाहिली आहे. तरवडाच्या फांद्या बुडापासून कापल्या तर तो पुन्हा फुटतो. त्यास मुळासकट उपटण्याचे कारण नाही. आणखी एक सूचना: देशी बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ व ऑस्ट्रेलियन बाभूळ ही चार निरनिराळी झाडे आहेत. नावाने फसून यांची साल एका पोत्यात भरू नये.

शेळीवाल्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. आपली उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगा आवडीने खाते. थोडे टॅनिन पोटात गेले तर चाऱ्यातील प्रथिन पहिल्या कोठ्यात वाया न जाता पुढे आतड्यात पोहोचते, व जंतांचा जोरही काहीसा कमी होतो. परंतु दुष्काळात दुसरा चारा नाही म्हणून केवळ शेंगांवर ठेवलेले जनावर खाणे टाकते व खंगते. 2016 साली लातूरास आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या दोन शेळ्यांवर हा प्रयोग अज्ञानाने झाला. एक वाचली.

आमच्या माजी खात्याकडेही एक मागणे आहे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत हिरडा व खैर यांची नावे आहेत. तरवड कोणत्याच कागदावर नाही, व बाभळीस पंचनाम्यात जळाऊपलीकडे ओळख नाही. संपादनाच्या मूल्यांकनात बाभळीच्या सालीचे वजन वेगळे धरण्यास अडचण कोणती? भाव ठरलेला नाही, हे उत्तर आम्हीही नोकरीत असताना दिले असते. भाव ठरण्यास माल दिसावा लागतो. म्हणून आपल्या मंडळाने दोन्ही जिल्ह्यांतील दहा-बारा गावांतून बाभळीच्या व तरवडाच्या सालीचे नमुने गोळा करून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे परीक्षेसाठी पाठवावेत, व आलेला आकडा याच मासिकात छापावा. कोल्हापूरकडील कमावणाऱ्या कारागिरांशी पत्रव्यवहार आम्ही स्वतः करण्यास तयार आहोत. कारकुनास पत्र लिहिण्याचा कंटाळा नसतो.

गेल्या वैशाखात वादळाने आमच्या बांधावरील दोन बाभळी पडल्या. त्यांची साल काढून, वाळवून, चार पोती भरून पडवीत ठेवली आहे. गिऱ्हाईक मिळाले की मिळालेला भाव, वाहतुकीचा खर्च वजा करून, याच ठिकाणी कळवू.