चार चाकांचं ॲव्हरेज

"काका, फसलो बघा. गाडी नुसती डिझेल पिते."

दसऱ्याच्या तोंडावर पुतण्याचा फोन आला तो असा. जांबोटीच्या बाजूच्या वाड्यांवरून पहाटे दूध गोळा करायचं आणि बेळगावात आणायचं, हा त्याचा धंदा. उन्हाळ्यात त्याने त्यासाठी जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. घेताना घरात वाद झाला होता. दादा म्हणत होते, साधी टू-व्हील ड्राइव्ह घे, डिझेल वाचेल. मी मात्र फोर बाय फोरच्या बाजूने बोललो होतो. त्यामुळे तक्रार माझ्याकडेच येणार, हे उघड होतं.

त्याला म्हटलं, आधी नीट मोज. 'हजाराचं डिझेल टाकलं, चार दिवस गेले' हे मोजणं नव्हे. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, आठवडाभराने तिथेच पुन्हा पूर्ण भरायची. त्याने भरली. ५४० किलोमीटरला ५० लिटर, म्हणजे लिटरला १०.८. त्याच मार्गावर त्याच इंजिनची टू-व्हील गाडी चालवणारा त्याचा मित्र याच पद्धतीने मोजून १३ सांगत होता.

थोडा फरक पडणारच. फोर बाय फोरमध्ये ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शियल आणि पुढे जाणारा शाफ्ट जास्तीचे असतात. हे सगळं मिळून वजन शंभर किलोच्या आसपास जातं. दुधाच्या भाषेत सांगायचं तर चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन रात्रंदिवस गाडीतच ठेवल्यासारखं. शिवाय दांडी टू-व्हीलमध्ये असली तरी अनेक गाड्यांत पुढची चाकं आपल्याबरोबर पुढचे शाफ्ट आणि डिफरन्शियलचे दाते उगाच फिरवत राहतात. काही जुन्या जीपना पुढच्या हबवर हाताने फिरवायची कळ असे, ती सोडली की हे फुकटचं फिरणं थांबे. पाऊस, चिखल असला तरी खाली उतरून ती कळ फिरवावी लागे, म्हणून लोक कंटाळायचे.

पण एवढ्याने दोन-सव्वादोन किलोमीटर जाणार नाहीत, असं मला वाटत होतं. म्हणून एका पहाटे त्याच्याबरोबर गेलो. परत येताना बेळगावात आमच्या अरुंद गल्लीच्या वळणावर गाडी एकदम जड झाली. कोणीतरी मागून धरून ठेवावं तशी. टायरचा कुरकुर आवाज आला. ड्रायव्हरला विचारलं, तर वाडीच्या चिखलात टाकलेला फोर-व्हील तसाच! रोजच असं व्हायचं. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा केव्हाच गेलेला, त्यामुळे लक्षात कोणाच्याच आलं नाही.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर तोडायचं असतं. या जातीच्या पिकअपमध्ये फोर-व्हील टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात टायर थोडा घसरतो आणि हा फरक सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटायला जागा नसते, मग टायर घासतो, दात्यांवर ताण येतो, इंजिन त्याच्याशी झगडतं. (कायम चारही चाकांवर चालणाऱ्या काही मोटारींत यासाठी मध्ये वेगळा डिफरन्शियल असतो, त्यांना हे लागू नाही.) टायरमध्ये हवाही कमी निघाली.

दिवा बदलला, हवा भरली, डांबर लागलं की दांडी मागे घ्यायची हे ड्रायव्हरला बजावलं. पुढच्या मापात १२.१ आलं.

आता हिशेब बघा. महिन्याला १८०० किलोमीटर धरले तर नुसत्या सवयीने आणि हवेने अठराएक लिटर वाचले. मित्राच्या टू-व्हील गाडीशी आता उरलेला फरक आहे दहाएक लिटरचा. डिझेल नव्वद रुपये धरलं तर वर्षाचे अकरा हजार. कमी नाहीत. पण रोजचं दूध चार कॅन, १६० लिटर, चाळीस रुपयांनी ६४०० रुपये. दोन सकाळी गाडी चिखलात रुतून दूध नासलं की ते अकरा हजार गेलेच.

आणि रुतते कधी? जाताना. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, टू-व्हील गाडीची ओढ तर सगळी मागच्याच चाकांवर. कणकुंबीकडचा आषाढातला पाऊस आणि तांबडी माती एकत्र आली की ती चाकं जागच्या जागी फिरतात. मित्राने गेल्या पावसाळ्यात अनेकदा ट्रॅक्टर बोलावला, त्याचं भाडं तो ॲव्हरेजमध्ये धरत नाही.

तरी सगळ्यांनी फोर बाय फोर घ्यावी, असं मी म्हणणार नाही. चंदगडकडे आमचे एक नातेवाईक काजूच्या बिया गोळा करतात. त्यांचा हंगाम मार्च ते मे, रस्ते ठणठणीत कोरडे. त्यांनी ते दोन कॅनचं वजन वर्षभर कशाला वाहायचं? त्यांना मी टू-व्हीलच सांगितली, वर पावसाळ्यात गरज पडलीच तर मागे वाळूची चार पोती टाका म्हटलं.

दादांना हा सगळा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे अकरा हजार जातातच की." वहिनी आतून म्हणाल्या, "गेल्या वर्षी भाड्याची गाडी रुतली तेव्हा पोरगं पहाटे चार वाजता त्या रानात एकटं उभं होतं. ते कुठल्या रकान्यात लिहिलंत?"

दादांनी वही मिटली आणि चहा मागितला.