सिंहांचे कौतुक आणि शाखांची उपेक्षा

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे नाव निघाले की फिफ्थ ॲव्हेन्यूवरील संगमरवरी वास्तू व तिच्या दारातील दोन सिंह यांचेच गोडवे गायिले जातात. १९११ साली खुल्या झालेल्या त्या प्रासादाच्या भव्यतेविषयी आमचा वाद नाही. परंतु ग्रंथालय म्हणजे तेवढेच, हे आम्हांस साफ अमान्य आहे.

१९०१ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी ५२ लाख डॉलर देऊ केले ते शहरभरच्या वस्त्यांतील शाखांसाठी. अट अशी, की जागा शहराने द्यावी व पुढील खर्चही शहरानेच सोसावा. शहराने ती मान्य केली. रस्त्यालगत, उंच खिडक्यांच्या, उजेडाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि परदेशांतून आलेल्या मजुरांची मुले तेथे वाचू लागली.

त्या कराराचे पुढे काय झाले? नोव्हेंबर २०२३ मध्ये अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि रविवारी उघडणाऱ्या बहुतेक शाखांची दारे त्या दिवशी बंद झाली. कष्टकऱ्याला सवड मिळते ती नेमकी रविवारीच! २०२४ च्या उन्हाळ्यात ही सेवा पूर्ववत झाली खरी. पण ती वाचकांना झगडून मिळवावी लागली. कराराने बांधलेल्या गोष्टीसाठी झगडावे का लागावे?

महापौर ला गार्डिया यांनी त्या सिंहांना ‘सहनशीलता’ आणि ‘धैर्य’ अशी नावे दिली होती. सहनशीलता दगडी सिंहाला शोभते. वाचकांकडून तिची अपेक्षा शहराने करू नये.